बॉनेटखालचा बंब : गाडीचा हीटर समजून घेताना

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याकडे निघालेली गाडी जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या जवळ आली, की आतल्या माणसांचे एक ठरलेले काम सुरू होते. चालकाच्या शेजारी जो कोणी बसलेला असेल तो फडक्याने वाफ धरलेली समोरची काच पुसत राहतो, चालक मान पुढे काढून त्या पुसलेल्या वीतभर जागेतून रस्ता शोधतो, आणि मागच्या बाकावरचे कोणीतरी 'खिडकी थोडी उघडा' असे सुचवून सगळ्यांना भिजवते. या सगळ्या वेळात डॅशबोर्डावरचा तो नॉब, ज्याच्या एका बाजूला निळी आणि दुसऱ्या बाजूला लाल पट्टी असते, निळ्या टोकाला टेकलेला असतो. गाडी घेतल्यापासून तो लाल बाजूला कधी फिरवलेलाच नाही, असे सांगणारे अनेकजण मला भेटले आहेत. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग हीटर कशाला, असा त्यामागचा हिशेब असतो.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पहिली गोष्ट म्हणजे बेळगाव, खानापूर आणि चंदगडच्या बाजूला हीटरचे खरे काम डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेपेक्षा पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि समोरच्या काचेवर असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हीटर हे गाडीत वेगळे बसवलेले यंत्र नसून इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचीच ती एक शाखा आहे, आणि म्हणून हीटर नीट चालत नाही या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा इंजिनाच्या पाण्यात काहीतरी बिघडले आहे, असा निघतो.

ज्यांच्या न्हाणीघरात किंवा परसात अजून तांब्याचा बंब आहे, त्यांना ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि त्या नळीभोवती पाणी असते. इंजिनातही सिलिंडरांमध्ये इंधन जळते आणि त्यांच्या भोवती, ओतीव धातूत ठेवलेल्या पोकळ्यांमधून, पाणी फिरते. फरक एवढाच, की बंबात पाणी तापवणे हा हेतू असतो आणि इंजिनात पाणी तापणे हा नाइलाज असतो. ढोबळ मानाने सांगायचे तर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम एकतृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो; जवळपास तेवढाच भाग सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता या पाण्याला घेऊन जावी लागते, नाहीतर इंजिनाचे धातूचे भाग एकमेकांत अडकून बसतील.

हे तापलेले पाणी एक पंप सतत फिरवत असतो. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे, म्हणजे वाऱ्याने पाणी निववणाऱ्या नळ्यांच्या चौकटीकडे, जाणारी वाट थर्मोस्टॅट नावाच्या छोट्या झडपेने बंद ठेवलेली असते. या झडपेच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापले, की ते मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरमधून निवून परत येऊ लागते. मात्र हीटरची वाट या झडपेवर अवलंबून नसते. इंजिनाच्या डोक्याकडून निघालेला एक रबरी पाईप इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून आत जातो, डॅशबोर्डाच्या खाली बसवलेल्या वहीएवढ्या लहान रेडिएटरला मिळतो, आणि दुसऱ्या पाईपातून पाणी पुन्हा इंजिनाकडे येते. या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. गॅरेजमध्ये 'हीटर कॉइल' हा शब्दही चालतो. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि ती हवा गरम होऊन आपल्या पायाशी, तोंडाशी किंवा काचेवर येते.

मग नॉब काय करतो? काही गाड्यांमध्ये, विशेषतः जुन्या बनावटीच्या, तो गरम पाण्याच्या पाईपवरचा कॉक उघडतो किंवा बंद करतो. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये मात्र गरम पाणी हीटर कोअरमधून उन्हाळ्यातसुद्धा फिरतच असते, आणि नॉब फक्त आतले एक झडपेसारखे दार हलवतो, जे हवेला हीटर कोअरवरून जाऊ द्यायचे की त्याला वळसा घालून सोडायचे हे ठरवते. ज्याने हीटर कधीच लावलेला नाही, त्याच्या गाडीतही हीटरचे पाईप आणि कोअर रोज तापत आणि झिजत असतात, ही गोष्ट यातून ध्यानात यावी.

हीटर लावल्याने पेट्रोल जास्त जाते, ही समजूतही इथेच दूर करता येते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या ताकदीवर चालतो, म्हणून एसीला इंधन लागते. हीटर मात्र जी उष्णता रेडिएटर हवेत फेकून देणार होता तीच वापरतो. खर्च काय तो ब्लोअरच्या पंख्याला लागणाऱ्या थोड्या विजेचा. बंबातले पाणी तापलेलेच आहे, आपण फक्त तोटी उघडतो. अर्थात पाणी तापेपर्यंत तोटी उघडून उपयोग नसतो. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर हीटर पूर्ण जोरात लावला तर अंगावर थंडगार हवाच येते, म्हणून तापमानाचा काटा हलेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबावे. त्यासाठी गाडी दारात उभी करून इंजिन गुरगुरत ठेवण्याचीही गरज नाही. सावकाश चालवत नेली तर ते लवकर तापते. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवते, त्यामुळे ते तापायला अधिक वेळ घेते, आणि लांबलचक घाट उतरताना तर त्याच्या हीटरची हवा कोमट झाल्याचेही जाणवते, कारण उतारावर गिअरमध्ये उतरणाऱ्या इंजिनात इंधन जवळजवळ जळतच नसते.

याच्या उलट चढावर एक उपाय माहीत असावा. गोव्याहून वर येताना भरलेल्या गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला, तर आधी एसी बंद करावा, नॉब पूर्ण लाल टोकाला न्यावा, ब्लोअर सर्वांत जोरात लावावा आणि खिडक्या उघडाव्यात. हीटर कोअर हा दुसरा छोटा रेडिएटरच असल्यामुळे इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. आतल्या माणसांना घाम फुटतो खरा, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंत तेवढा वेळ निभावतो. गाडी थांबवणे टळत नाही, एवढे मात्र समजून असावे.

काचेवर वाफ का धरते

थंड पाणी भरलेला स्टीलचा तांब्या पावसाळ्यात बाहेरून ओला होतो, तो गळत नसतो. भोवतालच्या हवेतली वाफ त्याच्या थंड अंगावर पाणी होऊन बसते. गाडीची काच हा तसाच तांब्या आहे. बाहेरून पावसाचे पाणी आणि वारा तिला थंड करतात आणि आत माणसे श्वास सोडतात. शांत बसलेला माणूससुद्धा श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण ३० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. म्हणजे चार माणसे तासाभरात जवळपास एक पेलाभर पाणी वाफेच्या रूपाने गाडीत ओततात, आणि त्यात भिजलेल्या छत्र्या, पायपुसणीत मुरलेले पाणी आणि ओल्या चपला यांची भर पडते.

यावर उपाय दोनच असू शकतात. एक तर काच गरम करायची, म्हणजे तिच्यावर वाफ पाणी होणार नाही. किंवा हवा कोरडी करायची, म्हणजे पाणी व्हायला वाफच उरणार नाही. पहिले काम हीटर करतो आणि दुसरे एसी करतो. एसीच्या थंड कॉइलवरून जाताना हवेतली वाफ पाणी होते आणि एका नळीने गाडीखाली ठिबकते. उभ्या गाडीखाली उन्हाळ्यात जे डबके दिसते ते हेच. मात्र नुसता एसी लावला तर काच आणखी थंड होते आणि नुसता हीटर लावला तर ओली हवाच गरम होऊन फिरते. म्हणून दोन्ही एकदम लावावेत. एसी आणि हीटर एकाच वेळी लावणे म्हणजे एकाच घरात पंखा आणि शेगडी लावण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल, परंतु डॅशबोर्डाच्या आत हवेची वाट ठरलेली असते: ती आधी थंड कॉइलवरून जाऊन कोरडी होते आणि नंतर हीटर कोअरवरून जाऊन गरम होते. काचेवर येते ती कोरडी आणि ऊबदार हवा. पुष्कळ गाड्यांमध्ये समोरच्या काचेचे चिन्ह असलेले बटण दाबल्यावर एसी आपोआप सुरू होतो, तो याच कारणाने.

यातली सर्वांत जास्त होणारी चूक वेगळ्याच बटणाची आहे. गाडीच्या चित्रात गोल फिरलेला बाण असलेले जे बटण असते, ते दाबलेले असेल तर बाहेरची हवा आत येत नाही आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते. उसाच्या ट्रॅक्टरमागे किंवा खडीच्या ट्रकमागे अडकल्यावर ते बटण उपयोगी आहे, पण नंतर ते तसेच राहिले तर चार माणसांच्या पेलाभर पाण्याला गाडीबाहेर पडायला वाटच उरत नाही. पावसात बाहेरची हवा तर अधिकच ओली असणार, ती कशाला आत घ्यायची, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. परंतु बाहेरची हवा ओली असली तरी थंड असते, आणि थंड हवेत मुळात वाफ मावतेच कमी. ती आत येऊन गरम झाली, की उलट आणखी वाफ सामावून घेऊ शकते.

कधीकधी वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूने धरते. एसी जोरात लावून घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीच्या किंवा सावंतवाडीच्या दमट, उबदार हवेत शिरले, की असे होते, कारण आता थंड बाजू आतली आहे. आतून बोट फिरवून पाहिले, की लगेच कळते. बोटाची रेघ उमटली नाही तर वायपर फिरवावा आणि काचेवर येणारी थंड हवा कमी करावी. अशा वेळी घाबरून एसी वाढवणारे स्वतःच काच आणखी आंधळी करतात. आणखी एक साधी गोष्ट: आतून काचेवर तेलकट पापुद्रा साचलेला असेल तर वाफ लवकर धरते आणि दाट धरते. डॅशबोर्डाच्या प्लॅस्टिकमधून उन्हात निघणारा अंश, धूळ आणि तिथल्या छोट्या गणपतीपुढे रोज लावलेली उदबत्ती, या तिघांचा तो पापुद्रा असतो. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून वर कोरडे वर्तमानपत्र फिरवले, तर फरक त्याच दिवशी दिसतो.

पाण्याच्या जागी काय घालावे

आतापर्यंत मी सोयीसाठी 'पाणी' म्हणत आलो, पण इंजिनात नुसते पाणी असू नये, आणि आपल्या भागातल्या हीटरांची सर्वाधिक हानी याच एका गोष्टीने होते. कूलंट, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात मिसळायचे द्रव, हे गोठू नये म्हणून घालायचे असते, आणि गोठण्याइतकी थंडी इथे पडत नाही, म्हणून नळाचे पाणी चालते, हा युक्तिवाद गॅरेजमध्येही ऐकू येतो. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा गोठणबिंदू खाली नेते हे खरे आहे. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पण आपल्याला त्याची बाकीची कामे हवी असतात. ते उकळण्याचे तापमान वर नेते, त्यात मिसळलेली रसायने ॲल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाहीत, आणि पंपाचे सील त्यामुळे अधिक टिकते.

उकळण्याचा मुद्दा बेळगावात जरा जास्तच लागू आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे उघड्या भांड्यातले साधे पाणी इथे १०० अंशांना नव्हे, तर ९७-९८ अंशांनाच उकळते, आणि इंजिन तर रोजच ९० अंशांच्या आसपास चालते. मधले अंतर किती थोडे आहे ते पाहा. ते वाढवण्याचे काम एकीकडे कूलंट करते आणि दुसरीकडे रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण करते. हे झाकण कुकरच्या शिट्टीसारखे आतला दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली ते मिश्रण १२० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. त्याचे रबर चिरलेले असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी हळूहळू कमी होत जाते. कुकरचे झाकण वाफ जाण्याआधी जसे आपण उघडत नाही, तसेच हे झाकणही इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कधीही उघडू नये. ओले पोते टाकून उघडण्याच्या नादात चेहरे भाजल्याची उदाहरणे आहेत.

आता नळाच्या आणि बोअरच्या पाण्याविषयी. अथणी, रायबाग, चिकोडी या बाजूला बोअरचे पाणी जड असते हे तिथल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. डाळ शिजायला लागणारा वेळ आणि बंबाच्या आतला पांढरा थर यांवरून ती ते सांगेल. तोच थर इंजिनात गरम जागी बसतो आणि हीटर कोअरमध्ये तर सर्वांत आधी, कारण त्याच्या नळ्या रेडिएटरच्या नळ्यांपेक्षाही बारीक असतात. पाणी घालायचेच असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घालावे. त्याहून बरे म्हणजे आधीच मिसळून मिळणारे कूलंट घ्यावे आणि तेच थेट ओतावे. दाट कूलंट घेतल्यास त्यात डिस्टिल्ड वॉटर किती मिसळायचे हे डब्यावर लिहिलेले असते, आणि पाणी न घालता दाट कूलंट तसेच ओतणे हेही चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच अधिक चांगले करते.

रंगावर विसंबू नये. हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या पसंतीने घालतात; त्यावरून आतले रसायन ओळखता येत नाही. दोन वेगळ्या जातीची कूलंटे मिसळली तर त्यांतली गंजरोधक रसायने एकमेकांना निकामी करू शकतात आणि कधी त्यांचा चिकट गाळ तयार होतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कोणत्या प्रतीचे कूलंट आणि किती वर्षांनी बदलायचे ते दिलेले असते. जुन्या पद्धतीची कूलंटे साधारण २-३ वर्षांत आणि नवी दीर्घायुषी कूलंटे साधारण ५ वर्षांत बदलावी लागतात. काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

आणि हळद. रेडिएटरला बारीक गळती लागली, की त्यात मूठभर हळद टाकण्याचा उपाय जुन्या ट्रकचालकांपासून चालत आलेला आहे. तो त्या दिवसापुरता चालतो, हे मी नाकारत नाही. रात्री अकरा वाजता भर रस्त्यात मीही कदाचित तोच करीन. पण गळती बुजवणारी हळद गळतीच्याच ठिकाणी थांबत नाही, ती त्या बारीक नळ्यांमध्येही जाऊन बसते. घरी पोचल्यावर गळती दुरुस्त करून सगळे पाणी काढून यंत्रणा धुवून घेतली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात हीटरमधून थंड हवा येते आणि कारण कोणालाच आठवत नाही.

बिघाड कसा ओळखावा

इंजिन चांगले तापलेले, नॉब लाल टोकाला, ब्लोअर सुरू, आणि तरीही हवा गार येते, अशा वेळी कोणतेही यंत्र न जोडता निम्मे निदान हाताने होते. गाडी बंद करून बॉनेट उघडावे आणि पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन रबरी पाईपांना फडके धरून जपून स्पर्श करावा. दोन्ही पाईप कडक तापलेले असतील तर पाणी व्यवस्थित फिरते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. बहुधा ते आतले दार हलवणारी केबल सुटलेली असते किंवा छोटी मोटर बिघडलेली असते. एक पाईप तापलेला आणि दुसरा गार असेल तर हीटर कोअर चोंदलेला आहे किंवा मधला कॉक बंद अडकला आहे. दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी आहे, कुठेतरी हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे.

या शेवटच्या शक्यतेत आपल्याकडे एक खास भर पडते. उन्हाळ्यात एकदा गाडी तापली, की काही मेस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. 'वॉल काढून टाकलो बघा, आता गाडी तापत नाही,' असे मला एकाने अभिमानाने सांगितले होते. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. झडप नसल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, इंजिन आपल्या योग्य तापमानाला उशिरा पोचते किंवा पोचतच नाही, पेट्रोल जास्त लागते, तेलात ओल आणि गाळ वाढतो, आणि हीटर नेहमीच कोमट राहतो. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर तापमानाचा काटा खाली येत असेल, तर झडप उघडी अडकली आहे किंवा कोणीतरी काढली आहे, असे समजावे. नवी झडप महाग नसते. मुळात गाडी का तापली होती, ते शोधण्याचे कष्ट टाळण्यासाठी ती काढली जाते, हे मला अधिक खटकते.

पाणी बदलल्यानंतर किंवा कमी झाल्यानंतर यंत्रणेत हवा अडकणे हेही नेहमीचे आहे. हीटर कोअर पुष्कळ गाड्यांत बराच वर असतो, आणि हवा वरच्या जागी जाऊन बसते. डॅशबोर्डाच्या मागून ओढ्यासारखी खळखळ ऐकू आली, किंवा गाडी पळताना हीटर गरम आणि सिग्नलला उभी राहिली की गार होत असेल, तर आधी पाण्याची पातळी पाहावी. हवा काढण्यासाठी थंड इंजिनाची गाडी तोंड चढाकडे करून लावतात, नॉब लाल टोकाला ठेवतात, पातळी भरतात, आणि हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहतात. प्रत्येक गाडीची रीत थोडी वेगळी असल्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घेणेच बरे. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत मात्र एक गोष्ट स्वतः पाहावी. सीएनजीचा दाब उतरवताना वायू फार थंड होतो, म्हणून दाब उतरवणाऱ्या भागाला, म्हणजे रेड्यूसरला, गरम पाणी लागते, आणि बाहेरून किट बसवणारे ते पाणी पुष्कळदा हीटरच्याच पाईपला जोड देऊन घेतात. जोड नीट नसेल, क्लिप सैल असेल किंवा रेड्यूसर उंचावर बसवला असेल, तर गळती आणि अडकलेली हवा ही दोन्ही दुखणी तिथूनच सुरू होतात. किट बसवल्यापासून हीटर मंदावला असेल तर आधी त्या जोडाकडेच पाहावे.

पंख्याचे दोष सोपे आहेत. ब्लोअर फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल आणि खालच्या वेगांवर गप्प राहत असेल, तर त्याचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर जळला आहे. तो स्वस्तात बदलतो. मुळीच चालत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. पंख्यातून खरखर येत असेल तर वाळलेली पाने आत शिरली असण्याची शक्यता मोठी, कारण हवा आत घेण्याची जाळी वायपरच्या खाली असते आणि झाडाखाली लावलेल्या गाडीची ती जागा पानांनी भरते. ऊसतोडीनंतर शेतातले उंदीर आसरा शोधत येतात आणि आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर त्यांना गादीसारखा वाटतो. हा फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो. तो चोंदला, की हीटर आणि एसी दोन्ही मंदावतात, काच लवकर मोकळी होत नाही आणि कुबट वास येतो. खानापूरकडच्या तांबड्या धुळीत फिरणाऱ्यांनी तो पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा.

गळक्या हीटर कोअरची लक्षणे मात्र ओळखता आलीच पाहिजेत. गाडीत गोडसर वास येतो, काचेवर चिकट वाफ धरते जी पुसूनही पसरते, टाकीतली पातळी उतरते आणि शेजारच्या आसनासमोरचा गालिचा ओला होतो. गालिचा एसीची पाणी सोडणारी नळी तुंबल्यानेही ओला होतो, परंतु ते पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते; कूलंट रंगीत आणि बोटांना बुळबुळीत लागते. कोअर बदलण्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि त्या मजुरीच्या भीतीने एक आडवाट निघाली आहे: आत जाणारे दोन्ही पाईप बाहेरच एकमेकांना जोडून टाकायचे. मी एकदा जुनी गाडी घेतली, आणि पहिल्याच पावसात घाटात नॉब लाल टोकाला नेला तर बर्फासारखी हवा आली. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा दोन्ही पाईप पितळी नळीच्या तुकड्याने सुबकपणे जोडलेले दिसले. विकणाऱ्याने टायर, बॅटरी, रंग सगळे दाखवले होते. हे काही सांगितले नव्हते. तेव्हापासून जुनी गाडी पाहायला गेलो, की मे महिना असला तरी मी हीटर लावून पाहतो, आणि विकणारा माझ्याकडे विचित्र नजरेने पाहतो.

चोंदलेला कोअर धुताना एक काळजी घ्यावी. पाईप सोडवून साध्या पाण्याच्या हलक्या दाबाने, आधी उलट आणि मग सुलट दिशेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावा आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवावे. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा त्यात कधीही सोडू नये. नाजूक नळ्या फुटतात आणि धुण्याचे काम बदलण्यावर जाते. त्याच वेळी रबरी पाईप थंड असताना दाबून पाहावेत. चिंचेच्या बोटकासारखे कडक झाले असतील किंवा टोकाशी फुगले असतील, तर क्लिपांसह बदलावेत.

उभ्या गाडीत झोपणाऱ्यांसाठी

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांना हजारो माणसे जातात आणि थंडीच्या रात्री अनेकजण गाडीतच झोपतात. काचा बंद, इंजिन सुरू, हीटर सुरू, अशी झोप धोक्याची आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातली प्राणवायूची जागा घेतो. सायलेन्सरच्या पाईपला इंजिनाजवळ फट असेल, किंवा शेजारी दाटीने उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा धूर वायपरखालच्या जाळीतून आत ओढला गेला, तर झोपलेल्या माणसाला कळतही नाही. डोके जड होणे, मळमळ आणि विलक्षण गुंगी ही लक्षणे थकव्यासारखीच वाटतात. झोपायचे असेल तर इंजिन बंद करून, काचा बोटभर उघड्या ठेवून, घोंगडी पांघरून झोपावे. गाडीत कोळशाची शेगडी तर कधीच ठेवू नये.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत हा बंबच नसतो. तिथे वाया जाणारी उष्णता फार थोडी असल्यामुळे हीटरसाठी बॅटरीतली वीज खर्च करून उष्णता तयार करावी लागते, किंवा काही गाड्यांत एसीच उलट चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणावी लागते. हीटरने गाडीचा पल्ला कमी होतो ही तक्रार त्यांच्या बाबतीत खरी आहे, आणि पेट्रोल गाडीवाल्यांनी ती ऐकून आपल्या हीटरला उगाच दोष देऊ नये.

हे सगळे तपासायला योग्य काळ म्हणजे मृग लागण्याआधीचा, मेच्या अखेरचा आठवडा. इंजिन थंड असताना टाकीतली पातळी दोन रेघांच्या मध्ये आहे का ते पाहावे, कूलंटचा रंग गढूळ किंवा तांबूस झाला आहे का ते पाहावे, झाकणाचे रबर पाहावे. मग गाडी वीसेक मिनिटे फिरवून आणावी, नॉब लाल टोकाला न्यावा आणि हवेच्या झरोक्यापाशी स्वयंपाकघरातला किंवा दुधाचा तापमापक धरावा. निरोगी हीटरची हवा ५० अंशांच्या पुढे जाते. भर उन्हाळ्यात गाडीत बसून एवढा ताप सोसायला पाच मिनिटे पुरतात, आणि अडकू पाहणारी केबल किंवा कॉक असेल तर तेवढ्याने तोही मोकळा होतो.